असतं तर ऐकू आलं असतं

आमच्या भागात सप्ताहांना तोटा नाही. एका गावाचं काल्याचं कीर्तन उरकतंय तोवर पुढच्या गावात मांडवाचे वासे रोवलेले असतात. बुवा बदलतात, पण काही दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेत. त्यातला एक रेडिओचा. देव कुठे आहे, असा प्रश्न बुवा आधी स्वतःच टाकतात आणि मग म्हणतात, "माउली, पुण्याचं स्टेशन आत्ता या मांडवात आहे का नाही? आहे! मग ऐकू का येत नाही? तुमचा काटा भलतीकडे आहे म्हणून. काटा फिरवा, देव लागेल." मृदंग कडाडतो, माना डोलतात. हल्ली रेडिओच्या जागी मोबाइलची रेंज आली आहे, पण बाकी बांधणी जुनीच.

आमच्या ह्यांना हा दृष्टान्त कानावर पडला की बसवत नाही. नगरला चितळे रोडच्या बाजूच्या एका बोळात ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे; आमच्या तोंडी नगर बसलं आहे ते बसलं आहे.) व्हॉल्व्हचे मर्फी आणि बुश, मग ट्रान्झिस्टर, मग टू-इन-वन, असं सगळं ह्यांच्या हाताखालून गेलं. ह्यांचं म्हणणं, "बुवांनी खोललेला सेट कधी पाहिलेला नाही. स्टेशन न लागायची कारणं पन्नास, त्यात काटा चुकणं सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक काटा फिरवूनच दुकानात आलेलं असतं."

मी शाळेत संस्कृत शिकवलं. सुभाषितं, मेघदूतातले वेचे, आणि परीक्षेपुरती विभक्ती. न्याय-मीमांसेचे ग्रंथ एम.ए.ला नाइलाजानं वाचले होते. निवृत्तीनंतर हौसेनं पुन्हा काढले. घरात टेबल एकच. एका बाजूला ह्यांची कातरी, शिसं, सोल्डरिंगची कांडी, दुसऱ्या बाजूला माझे ग्रंथ. त्यामुळे ह्यांचं ते एक वाक्य माझ्या बाजूच्या पसाऱ्यात येऊन पडलं आणि तिथेच राहिलं.

विषय पेटला तो सासूबाईंमुळे. त्या पाथर्डी तालुक्यातल्या. शेवटची काही वर्षं आमच्याकडे केडगावला होत्या. त्यांचा फिलिप्सचा दोन बँडचा ट्रान्झिस्टर त्यांच्या उशाशी असे आणि सकाळी त्यांना पुणं लागे, म्हणजे मीडियम वेव्हवरचं आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. नगरचं केंद्र एफएमवर स्वच्छ लागतं, ते लावून दिलं की म्हणत, "हे गावातलंच आहे, ह्यात काय ऐकायचं?" पुण्याची भक्तिगीतं, पुण्याच्या बातम्या, पुण्याचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. गावाकडे असताना हे सगळं खणखणीत ऐकू येई. केडगावच्या घरात मात्र नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी निवेदिका.

सासूबाईंनी मुलाला टोमणा मारला, "जगाचे रेडिओ दुरुस्त केलेस." हे उठले.

पहिल्यांदा सेट खोललाच नाही. नुसता उचलला आणि हातात धरून गोल फिरवला. या सेटच्या आत एक काळी कांडी असते, फेराइट रॉड, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. मीडियम वेव्हची एरियल हीच. बाहेर ओढायची चकचकीत दांडी मीडियमला कामाची नाही, ती ओढून लोक उगीच समाधान मानतात. ही कांडी सेटच्या लांबीत आडवी बसवलेली असते आणि तिला दिशा कळते. कांडीची कूस स्टेशनकडे असली तर आवाज भरून येतो, टोक स्टेशनकडे गेलं की स्टेशन बुडतं. पुणं आमच्या नैर्ऋत्येला. सासूबाईंनी सेट भिंतीला लावून असा ठेवला होता, की टोक बरोबर पुण्याकडे. तो काटकोनात फिरवला तेव्हा निवेदिका खरखरीच्या वर आली. पण खरखर होतीच.

मग ह्यांनी घराचा मेन स्विच पाडला. सेट सेलवर चालत होता. खरखर एकदम निम्म्याहून कमी. लोडशेडिंगच्या काळात रेडिओ छान लागायचा हे मला आठवलं. तेव्हा वाटायचं, अंधारात कान तीक्ष्ण होतात! कारण वेगळंच होतं. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा अ‍ॅडॉप्टर, डास मारायची रॅकेट चार्जिंगला लावलेली, अशा बहुतेक वस्तूंच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून घेणारं सर्किट असतं. माल स्वस्तातला असला तर त्याची घाण वायरीत आणि हवेत सुटते आणि नेमकी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पसरते. हे मेन चालू करून एकेक वस्तू काढत गेले. चार्जर काढला, थोडा फरक. हॉलचा दिवा बंद केला, फरक नाही. मग देव्हाऱ्यातली माळ काढली, गेल्या दिवाळीत आणलेली रंगीत दिव्यांची, आणि पुणं असं उघडं पडलं की सासूबाई म्हणाल्या, "आली बाई."

देव्हाऱ्यातली माळ! मला हसू आलं, ह्यांना आलं नाही. ह्यांच्या लेखी ती खराब फिल्टरची एक माळ होती. सासूबाईंनी निकाल दिला, "काढून टाक. समई आहे की." समईनं रेडिओत खरखर येत नाही.

उरलेल्या खरखरीसाठी ह्यांनी चौकट केली. दोन लाकडी पट्ट्या फुलीत ठोकल्या, कड साधारण दोन फुटांची येईल अशा, त्यावर वार्निशच्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे, आणि दोन्ही टोकांना एका मेलेल्या मर्फीतून काढलेला गँग, म्हणजे फिरवायचा कंडेन्सर. या चौकटीला सेल नाही, आणि तिच्यातून सेटला एकही तार जात नाही. ती सेटच्या शेजारी उभी करायची आणि गँग हळू फिरवायचा. एका जागी पुणं फुगून वर येतं. तिथे त्या तारेचा आणि गँगचा मेळ ७९२ला बसलेला असतो. त्या वारंवारितेची लाट जवळपास ३७९ मीटर लांब. एवढ्या लाटेपुढे आमची दोन फुटांची चौकट म्हणजे काहीच नव्हे, तरी तिच्यातून झिरपतं तेवढं कांडीला पुरतं.

आवाज वाढला म्हणून मी खूश झाले. हे म्हणाले, "अगं, आवाजाचं काय घेऊन बसलीस. आवाज वाढवला की खरखरही वाढते. आता बघ." आणि चौकट पुण्याकडे नेमकी धरायच्या ऐवजी थोडी तिरकी केली. पुणं किंचित उतरलं, पण खरखर पार बसली. चौकटीला जी दिशा ऐकू येत नाही, ती त्यांनी शेजारच्या बंगल्याच्या इन्व्हर्टरकडे केली होती. स्टेशन थोडं कमी पडलं तरी चालतं, कारण कान त्याला पुरा पडतो. नको ते जाईल अशा बेतानं एरियल लावायची. धंद्यातली ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवायला फार वेळ लागे, असं हे सांगतात.

इथवर बुवांच्या दृष्टान्ताशी माझं भांडण नाही. उलट तो बुवा सांगतात त्याहून चांगला आहे. देव जवळ ओढायची खटपट कमी करून आपल्या घरातली खरखर शोधा, हे पतंजलीही दुसऱ्या शब्दांत सांगतातच. भांडण पुढे आहे.

नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर हजार किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी चाले, १९८८ सालापासून. ती रात्रीची. दिवसा सूर्याच्या किरणांमुळे आकाशातला एक खालचा थर मीडियमच्या लहरी पिऊन टाकतो. रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरतात. त्यामुळे नागपूर आमच्याकडे रात्री लागे, कधी भरून, कधी विरत विरत. रखवालदार, रात्रपाळीचे कामगार, झोप न येणारे म्हातारे असा तिचा श्रोता. २०१८च्या अखेरीस ही वाहिनी बंद करायचं ठरलं आणि ती थांबली. त्यानंतर काही दिवस ह्यांच्याकडे जुनी गिऱ्हाइकं सेट घेऊन येत होती. दुकान तेव्हा नावालाच उघडं असे. "रात्रीचं लागत नाही. बघा बरं, कांडी तुटली का?" त्यांना सेटवर संशय, स्टेशनवर नाही. स्टेशन बंद पडू शकतं ही कल्पनाच नाही.

ऐकू येत नाही, यावरून काय ठरतं? सेट बिघडला, की पलीकडे कोणी बोलतच नाही? या एका प्रश्नावर आपल्याकडे हजारभर वर्षं वाद चालला आहे. त्यातलं उदाहरण रेडिओचं नाही, मडक्याचं आहे. जमिनीवर मडकं नाही, हे आपल्याला कशानं कळतं? डोळ्यांना जमीन दिसते. मडक्याचं 'नसणं' डोळ्यांना कसं दिसेल? सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात सांगितलं, की नसणं कळायला वेगळं प्रमाणच मानलं पाहिजे, अनुपलब्धी. अद्वैत वेदान्त्यांनी ते उचललं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानंच कळतो. प्रभाकराच्या अनुयायांनी अभाव म्हणून वेगळा पदार्थच मानायचं नाकारलं. एवढी भांडणं, पण एका अटीबद्दल कुमारिलांच्या परंपरेचं आणि नैयायिकांचं बरंचसं एकमत आहे: न दिसणं तेव्हाच पुरावा ठरतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसली असती असं म्हणता येतं. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, मधे आडोसा नाही, तरी मडकं दिसत नाही, म्हणून मडकं नाही. अंधारात दिसलं नाही तर काहीच ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ती वस्तू आणि ती परिस्थिती, दोन्ही दिसण्याजोगी हवीत.

ही अट मी ह्यांना समजावून सांगितली तेव्हा ह्यांनी न थांबता विचारलं, "मग यात नवीन काय? गिऱ्हाइकाचा सेट हातात आला की मी दुसरं स्टेशन लावून बघतो. ते लागलं तर सेट शाबूत. मग दुसऱ्या चांगल्या सेटवर त्याचं स्टेशन लावतो. तिथेही नाही लागलं तर स्टेशन बंद." कुमारिलांचं पुस्तक मी मिटून ठेवलं.

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे मिथिलेचे उदयनाचार्य या अटीचा उपयोग देवासाठी करतात. न्यायकुसुमांजली हा त्यांचा ग्रंथ देव आहे हे सिद्ध करायलाच लिहिलेला. चार्वाक म्हणतो, देव दिसत नाही म्हणून नाही. उदयन विचारतात, देव दिसण्याजोगा आहे असं कोणी म्हटलं होतं? आणि मग चार्वाकाची थट्टा करतात: अरे, नुसतं न दिसणं हाच पुरावा असेल तर तू घराबाहेर पडलास, बायकामुलं दिसेनाशी झाली, की ती गेली असं समजून रस्त्यावर ऊर बडवत बसशील! जाडजूड ग्रंथात हे असं एकदम घरातलं वाक्य आलं की मला उदयन आवडतात. चार्वाकाच्या बायकोला काय वाटत असेल, हे मात्र त्यांनी विचारलेलं नाही.

तर्क बिनतोड आहे. पण तो बुवांच्या उपयोगाचा नाही, आणि माझं म्हणणं इथे आहे. देव ऐकू येण्याजोगा नसेल, तर तो ऐकू न येणं हा देवाविरुद्ध पुरावा नाही, कबूल. पण मग 'काटा फिरवा, देव लागेल' असं वचनही देता येत नाही. आणि बुवांच्या दृष्टान्ताप्रमाणे तो पुण्याच्या स्टेशनासारखा ऐकू येण्याजोगा असेल, तर ह्यांची तपासणी त्याला लागू झाली पाहिजे. सेट शाबूत, काटा बरोबर, खरखर काढलेली, तरीही ऐकू आलं नाही, तर त्या न ऐकू येण्याला काहीतरी वजन द्यावंच लागेल. एका तोंडानं ऐकू येतो म्हणायचं आणि नाही आलं की दुसऱ्या तोंडानं 'तुझाच सेट खराब' म्हणायचं, ही सोय बुवांना कुठल्याही दर्शनानं दिलेली नाही.

हा वाद माझ्यापुरता पुस्तकी राहिला असता. सासूबाईंनी तो तसा राहू दिला नाही.

त्यांनी जन्मभर सगळं केलं. पंढरीची वारी, मढीला कानिफनाथांची यात्रा, मोहटादेवी, पैठणची षष्ठी, एकादशा, रोज हरिपाठ. आणि हे सगळं करून, शेतात राबून, दोन मुलं मातीआड करून, एका दुपारी शेंगा निवडता निवडता मला म्हणाल्या, "तुला एक सांगू का? मला काही कधी ऐकू आलं नाही. लोक म्हणतात पांडुरंग बोलला, स्वप्नात आला. माझ्याशी नाही बाई बोलला." आवाजात तक्रार नव्हती, पाऊस झाला नाही हे सांगावं तसं सांगितलं. तेवढ्यात घरी आलेल्या एका नातेवाइकांनी ते ऐकलं आणि लगेच उत्तर दिलं, की मावशी, कुठेतरी मनात किंतु असणार, मन निर्मळ असल्याशिवाय त्याचा आवाज येत नाही. सासूबाई गप्प झाल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या बाईला तिच्या मनात कुठे खोट आहे हे शोधायला बसवलं होतं त्यांनी.

हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "आईचा सेट मी तपासलाय."

नातेवाइकांना वाटलं, रेडिओबद्दल बोलतायत.

श्रद्धेच्या बाजूनं एक मुद्दा भक्कम आहे आणि तो मी टाळणार नाही. शेजारच्या घरी तेच स्टेशन लागत असेल तर ते बंद आहे असं म्हणता येत नाही. नेवाशात खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जे सांगितलं ते कुठल्यातरी स्टेशनवर ऐकल्याशिवाय सांगितलं का? देहूचा वाणी, मंगळवेढ्याचा चोखोबा, इतक्या घरांतून ऐकू आल्याचं सांगतात. शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात, विश्वासू माणसाचं सांगणं. मला ते मान्य आहे, आणि तरी ह्यांची शंका मला फेकून देता येत नाही: "शेजारी कॅसेट लावली असेल." रेडिओ आणि कॅसेट भिंतीपलीकडून सारखीच ऐकू येते. कसं ओळखायचं? ह्यांचं उत्तर, बाजारभावावरून. कॅसेटमध्ये आजचा कांद्याचा भाव नसतो. नेप्तीला कांदा पडला हे आजच्या स्टेशनलाच माहीत. ज्या वाणीत ऐकणाऱ्याच्या आजच्या दिवसाबद्दल, समोरच्या माणसाच्या दुःखाबद्दल काही कळतच नाही, ठरलेलंच पुन्हा वाजतं, ती कॅसेट. या कसोटीवर चोखोबा टिकतो. सासूबाईंना उत्तर देणारे नातेवाईक टिकत नाहीत.

आता मौनाचं. ह्याशिवाय हा विषय नगरमध्ये पुरा होऊच शकत नाही, कारण केडगावहून जवळच, दौंड रोडला, अरणगावापाशी मेहेराबाद आहे. पुण्यात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, जगाचे मेहेरबाबा, यांनी १० जुलै १९२५ला इथे मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला पिंपळगावजवळच्या मेहेराझादला देह ठेवला तेव्हाही ते सुटलेलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं म्हटलं तरी चालेल. आधी इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगत, १९५४ मध्ये तीही सोडली, मग नुसत्या खुणा. मौन सोडणार, असं त्यांनी अनेकदा सांगितलं होतं. सोडलं नाही, की सोडलं आणि कोणाला कळलं नाही, यावर त्यांच्या माणसांतही एकवाक्यता नाही. जानेवारीअखेर टेकडीवरच्या समाधीपाशी जगभरची माणसं जमतात आणि दुपारी पंधरा मिनिटं गप्प राहतात. माझी एक शिक्षक मैत्रीण त्यांच्यातली. तिला मी एकदा विचारलं, की सांगितलेला शब्द आलाच नाही, याचं तुला काही वाटत नाही? ती म्हणाली, "तू निवेदकाची वाट बघतेस." पुढे काही बोलली नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी तिला शंभरापैकी शंभर दिले. कारण मीडियम वेव्हमध्ये एक गोष्ट आहे, कॅरिअर. स्टेशन सुरू झालं पण निवेदक अजून बोललेला नाही, तेव्हाही लहर येत असते, मोकळी, तिच्यावर काही न लादलेली. पहाटे संकेतधून वाजायच्या आधी, वॉल्टर कॉफमनची ती १९३६ची व्हायोलिनची ओळ सुरू व्हायच्या आधी, सेटवर नुसती खरखर असते. स्टेशन नाही म्हणून सेट आपली सगळी ताकद लावून हवेतलं मिळेल ते ओढत असतो. आणि मग एकाएकी ती खरखर खाली बसते. अजून कोणी काही बोललेलं नाही, पण लहर आली आणि सेटनं आपली ओढ आपोआप कमी केली. बंद स्टेशनची शांतता आणि चालू स्टेशनची शांतता वेगळी असते. बंद स्टेशनवर शांतता नसतेच मुळी, खरखर असते. जुनी माणसं काट्यावर बोट ठेवून ही खरखर बसायची वाट पाहत.

मला हे इतकं आवडलं की मी लगेच निष्कर्षाला पोचले. शब्द येत नसला तरी आत खरखर बसत असेल, तर कोणीतरी आहे. सासूबाईंना शब्द आला नाही, पण त्यांच्याइतकी कमी खरखरीची बाई मी पाहिली नाही.

ह्यांनी चहा फुंकत म्हटलं, "सेल उतरले तरी खरखर जाते."

खरं आहे. मेलेला सेट आणि कॅरिअर धरलेला सेट, दोन्ही गप्प. अशी शांत माणसं मी पाहिली आहेत, शेजारी रडारड चालू असताना ज्यांची समाधी मोडत नाही. मग ओळखायचं कसं? ह्यांनी काटा हलवून दाखवला. कॅरिअर असेल तर काटा जरा बाजूला नेला की खरखर परत उसळते, जागेवर आणला की बसते. उतरलेल्या सेटवर कुठेही न्या, सारखंच. म्हणजे शांततेची परीक्षा तिच्या शेजारच्या जागेत होते. जिला अशांत व्हायची जागाच नाही ती शांतता सेल उतरल्याची. सासूबाई या परीक्षेत उतरतात. नातवाला ताप आला की त्यांचा हरिपाठ दहादा चुके.

पण हीच परीक्षा देवाला लावायला गेलं की माझे नैयायिक आडवे येतात. काटा बाजूला न्यायचा म्हणजे जिथे तो नाही अशा जागी न्यायचा. तो सगळीकडे आहे असं म्हटल्यावर ती जागा आणायची कुठून? न्यायात अशा धर्माला केवलान्वयी म्हणतात, ज्याचा अभाव कुठेच सापडत नाही, जसं 'जाणता येण्याजोगं असणं'. ज्याचा अभाव कुठेच नाही त्याचं असणं तुलनेनं दाखवता येत नाही. पुण्याचं स्टेशन ७९२ला आहे आणि ८०१ला नाही, म्हणून ते ७९२ला आहे हे कळतं. सबंध डायलवर एकच स्टेशन असतं, प्रत्येक आकड्यावर तेच, तर ते स्टेशन आहे की हा सेटचाच गुण आहे, हे कुठल्याच मेकॅनिकला सांगता आलं नसतं. ह्यांना विचारलं, तर थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाले, "मग तो रेडिओचा विषय नाही. दुसऱ्या कोणाला दाखव."

दुसरे कोणी म्हणजे ज्ञानदेवच. अनुभवामृतात ते शून्यवाद्याला गाठतात आणि विचारतात, की सगळं नाहीसं झालं म्हणतोस, तर ते नाहीसं झालेलं पाहिलं कोणी? काही नाही हे ज्याला कळलं तो तर उरलाच. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेशन शोधणं सोडा, खरखर कोणाला ऐकू येते ते बघा. डायलवर शेजारची जागा नाही ही अडचण इथे उरत नाही, कारण शोध डायलवर चाललेलाच नाही. माझ्या माहितीतलं या प्रश्नाचं सगळ्यात धारदार उत्तर हेच, आणि तर्क म्हणून मला त्यात चूक काढता येत नाही.

तरी मला ते पुरत नाही. उत्तर बरोबर आहे, पण ते ज्या प्रश्नाचं आहे तो सासूबाईंचा प्रश्न नव्हता. त्यांना साक्षी कोण हे जाणून घ्यायचं नव्हतं. ज्ञानदेवांचं हे सगळं मी त्यांना नीट उलगडून सांगितलं असतं, तर शेंगा निवडता निवडता त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं असतं, 'बरोबर आहे' म्हटलं असतं, आणि मग विचारलं असतं, "ते झालं गं. पण मला हाक मारली का कोणी?"